प्रमिलाबाईचं नाक आणि माझी जीभ

लोक बोलतात, वय झालं की राग निवतो. मी सत्तरी ओलांडली, माझा काय निवला नाय. प्रमिलाबाईचं नाव निघालं की अजून कानशिलं तापतात. तिच्यावर तापतात, मॅडमवर तापतात, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःवर. हे मी सांगतेय आणि नात लिहून घेतेय. मी चौथीपर्यंत शिकले, वाचता येतं, पण एवढं लिहायला मी बसले तर दोन पावसाळे जातील.

मुलुंडला एका टॉवरमध्ये अकराव्या मजल्यावर मॅडमचं घर. मी तिथं भांडी घासायला, प्रमिलाबाई स्वयंपाकाला. बारा वर्षं एका किचनमध्ये पाठीला पाठ लावून उभ्या राहिलो. राहायला दोघी भांडुपला. ती खाली स्टेशनच्या बाजूला चाळीत, मी वर डोंगरावर. ती मला ‘पारू, अगं पारू’ करायची, मी तिला ‘प्रमिलाताई, तुम्ही’. वयाने मी तिच्यापेक्षा दोन वर्षं मोठी. पण ती वरच्या जातीची, आणि मी कुठली ते तिला पहिल्या दिवशीच माझ्या आडनावावरून कळलं होतं.

उंच, काडीसारखी बाई. कॉटनची साडी, पदर कमरेला असा खोचलेला की वाटावं खिळा मारलाय. मंगळसूत्र ब्लाऊजच्या आत, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकवलेल्या. नवरा अर्धांगाने सात वर्षं पडून. मुलगा बंगलोरला, तो फोन करायचा, बाकी काय करायचा नाय. त्याच टॉवरमध्ये तिची तीन घरं होती. सकाळी नवऱ्याचं सगळं करून सातला निघायची. पण तोंडातून कधी ‘दमले’ आलं नाय. मीपण तशीच. माझ्या नवऱ्याची गिरणी गेली, मग नवरा गेला, मी पाच घरची भांडी धरली. रडायला वेळ लागतो, तो आमच्याकडे नव्हता. त्या बाबतीत आमचं जमायचं.

ओटा तिचा, सिंक माझं. मधे स्टीलची बारीक पट्टी होती, पाणी ओट्यावर येऊ नये म्हणून बसवलेली. त्या पट्टीच्या पलीकडे माझा हात गेला तर ती बोलायची काय नाय. फडकं घ्यायची आणि ओटा परत पुसायची. तोंडाने बोलली असती तर मी चार शब्द सुनावले असते. फडक्याला काय सुनावणार?

स्वयंपाक मात्र असा की खोटं बोलवत नाय. आणि चाखायची नाय कधी. देवाला दाखवायच्या आधी कोणाच्या जिभेला लागलेलं चालत नाय, तिच्या आईने तसं शिकवलेलं. सगळं नाकावर. झाकण उचलायची, एक श्वास घ्यायची, ‘मीठ बसलं’ बोलायची. मी एकदा हसले. बोलले, ताई, मिठाला कुठे वास असतो?

‘मिठाला नसतो,’ ती बोलली. ‘पण मीठ पडलं की बाकीच्यांना येतो.’

गणपतीला चाळीस माणसांचं करायची, एक दाणा तोंडात न टाकता. मोदकाचं सारण परतताना गूळ कधी उतरवायचा ते पाठ फिरवून सांगायची. दुसऱ्या घरी कुठली बाई चमच्याने चाखते असं कळलं की नाक मुरडायची. ‘चाखून कोण करतं? ज्याला येत नाही तो.’ हे तिचं ठरलेलं वाक्य. बारा वर्षांत हजारदा ऐकलं असेल.

मग मॅडमच्या मुलीने पोळीभात सोडला. ऑफिसला जाताना डब्यात नुसता पाला. त्याच्यावर ओतायला बाजारातून बाटली यायची, पांढरी दाट, त्याला ड्रेसिंग बोलायचे. मॅडमनी एक दिवस चष्मा लावून बाटलीवरचं बारीक वाचलं आणि बाटली बाजूला ठेवली. बोलल्या, प्रमिलाबाई, हे घरी करा. मोबाईलवर दाखवलं. त्यात कच्चं अंडं. प्रमिलाबाईने मोबाईल दोन बोटांनी परत दिला. अंडं या ओट्यावर येणार नाही, करायचं तर माझ्या पद्धतीने करीन, बोलली. मला हळूच बोलली, ‘पाल्याला पातळ श्रीखंड फासायचं, दुसरं काय.’

पण एकदा हातात घेतलं की ती सोडणारी नव्हती. रात्रीच्या दह्याचा चक्का. भिजवलेले काजू, ते मिक्सरला नाय, पाट्यावर. पिवळी मोहरी कुटून लिंबाच्या रसात भिजत टाकायची, म्हणजे कडू होत नाय. लसणाची एकच पाकळी, मिरी, चिमूटभर साखर. आणि मग तेल. ते वरून घालताना बघायला पायजे होतं. डाव्या हाताने वाटीतून तेलाची धार, दिव्याच्या वातीएवढी, आणि उजव्या हाताने रवी. धार तुटली नाय पायजे आणि जाडही झाली नाय पायजे. धार जाड झाली तर ते फाटतं, तेल वर आणि दही खाली. पहिले आठ दिवस रोज फाटलं. मॅडमच्या घरी ती गप्प होती, पण खाली जाताना लिफ्टमध्ये स्वतःला शिव्या द्यायची, चांगल्या घरातल्या बाईला येऊ नयेत अशा. नवव्या दिवशी चमचा उलटा धरला तर पडलं नाय. ती काय हसली नाय, पण पदर सोडून परत खोचला. ती खूश झाली की तसं करायची.

त्या चक्क्याचं फडकं लटकवायचं कुठे? तर माझ्या सिंकवर, नळाला. म्हणजे मी त्या गाठोड्याला चुकवत चुकवत, मान वाकडी करून भांडी घासायची. वर मला सांगायची, पारू, धक्का लागू देऊ नकोस हं. धक्का बोलायची. हात बोलायची नाय. मला कळायचं.

करोना आला. मॅडमनी आम्हाला चार महिने वर घेतलं नाय. त्यात प्रमिलाबाईला झाला. नवऱ्याला नाय झाला, तिला झाला. बरी होऊन आली तेव्हा आणखी बारीक झालेली, पण काम तसंच. मला पहिल्या आठवड्यात काय कळलं नाय.

एक दिवस मी सिंकवर होते आणि डाळ करपायला लागली. साधी लागली असती तर समजू, पण धूर यायला लागला, आतल्या खोलीतून मॅडम खोकायला लागल्या, आणि ही बाई गॅसच्या समोर उभी राहून भेंडी चिरतेय. मी ओरडले, ताई, डाळ! तिने वळून बघितलं. धूर डोळ्याने दिसला तेव्हा तिला कळलं. गॅस बंद केला. माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात इतक्या वर्षांत कधी नव्हतं ते होतं. ती बाई घाबरली होती.

मी काय विचारलं नाय. दुसऱ्या दिवशी मॅडम देवपूजेला बसल्यावर तीच बोलली. वास गेला तो आलाच नाही. चवही नाही. गरम कळतं, गार कळतं, बाकी तोंडात कागद. आमटीभाजीचं निभतं, बोलली, हाताला तीस वर्षांची सवय आहे, मीठ बोटं मोजतात. पण ते ड्रेसिंग हाताला अजून पाठ नाही. लिंबू रोज वेगळं, दही रोज वेगळं. ते चुकणार. आणि एकदा चुकलं की सोसायटीच्या ग्रुपवर येईल, ‘स्वयंपाकाच्या बाईला वास येत नाही’. तिन्ही घरं एका दिवसात जातील. नवऱ्याची औषधं, भाडं, सगळं त्या तीन घरांवर.

‘तू चाखशील का गं?’ बोलली. ‘याला कसला नैवेद्य नाही.’

मी हो बोलले. मला वाटलं, आता ही चमचा देईल. ती ओट्यावरून वाटी उचलून आली, मला बोलली हात पुढे कर, आणि वरून माझ्या तळहातावर एक थेंब सोडला. तीर्थ देतात ना, तसा. पण तीर्थ देणारा माणूस लांब राहायला बघत नाय. ही बघत होती.

मी चाटलं. मीठ कमी बोलले. तिने मान हलवली, मीठ घातलं.

असं सव्वा वर्ष चाललं. रोज सकाळी, मॅडम देवाजवळ घंटी वाजवायच्या तेवढ्या वेळात. मी तळहात पुढे करायचा, वरून थेंब. आंबट झालं. मोहरी चढली. वाईच साखर पायजे. ती मान हलवायची. मॅडम पाहुण्यांना सांगायच्या, आमच्या प्रमिलाबाईंच्या हाताला काय चव आहे, हॉटेलात असं मिळत नाही. मी तिथंच कढई घासत असायचे. मॅडमच्या मुलीच्या डब्यात रोज माझी जीभ जायची, आणि माझा हात त्या पट्टीच्या अलीकडे.

एकदा मी बोललेच. ‘ताई, चमचा द्या ना हातात. या घरातला एकेक चमचा मीच घासते.’

ती बोलली, ‘सवय आहे गं. राग नको मानू.’

आता राग मानू नको बोलल्यावर माणसाने राग कुठे ठेवायचा? मी तो गिळला. मला गिळायची सवय, तिला वरून सोडायची सवय.

मार्गशीर्ष आला. त्या बुधवारी मी कुकर धुवायला घेतला, जड होता, हात निसटला आणि कोपर त्या नळावरच्या गाठोड्याला लागलं. नुसतं लागलं. फडकं वरून, आत चक्का, माझं कोपर चक्क्याला नाय लागलं. प्रमिलाबाईने गाठोडं सोडलं, कचऱ्याच्या डब्याकडे गेली आणि सगळा चक्का आत टाकला. लिटरभर दुधाचं दही. मग फडकं दोनदा धुतलं.

मी बघत राहिले. सव्वा वर्ष माझ्या जिभेवर जगली होती ती बाई. माझ्या मनात आलं, हिला आता वरचा देव मदत करू दे.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. मुलीला बघायला घाटकोपरवरून माणसं येणार होती, दुपारी जेवायला. बघायला म्हणजे काय, मुलामुलीचं आपसात ठरलं होतं, आईबाप भेटायचे बाकी होते. मॅडमनी सकाळपासून तीनदा येऊन सांगितलं, ते ड्रेसिंग जास्त करा, त्यांच्याकडे सगळे सॅलडवाले आहेत. काजू संपले होते, तर मॅडमनी स्वतः कपाटातून मागच्या वर्षीच्या दिवाळीचा भेट आलेला डबा काढून दिला. वर जरीची रिबन तशीच. प्रमिलाबाईने डबा उघडला, सवयीने नाकाजवळ नेला, एक श्वास घेतला आणि काजू भिजत टाकले.

डबा उघडला तेव्हाच मला सिंकवर वास आला. खवट. जुन्या तेलाच्या कपड्याला येतो तसा.

मी काय बोलले नाय.

पाट्यावर वाटले तेव्हा वास वाढला. मी भांडी घासत राहिले. तिने धार धरली, रवी फिरवली, छान दाट झालं, दिसायला असं की फोटो काढावा. मग देवाजवळ घंटी वाजली आणि ती वाटी घेऊन माझ्याकडे आली.

‘हात पुढे कर.’

‘आज गुरुवार,’ मी बोलले. ‘मला महालक्ष्मीचा उपास आहे. त्यात लसूण आहे.’

ती थांबली. तिला माहीत होतं मी मार्गशीर्ष पाळते. तीपण पाळायची. उपासाला जिभेवर लसूण ठेव असं ती मला सांगणार कशी? देवाच्या नावाने तिने जे जे मला लांब ठेवलं होतं, ते मी त्याच देवाच्या नावाने तिच्यापुढे ठेवलं. वाटी तिच्या हातातच होती. मग हळूच बोलली, ‘ठीक असेल ना गं? मीठ मी मोजून घातलंय.’

मी बोलले, ‘मीठ असेल बरोबर.’

यात एक अक्षर खोटं नव्हतं. म्हणून तर ते माझ्या पोटात अजून तसंच पडलंय. उपास जिभेचा होता, नाकाचा नव्हता.

पाहुणे आले. मी बाल्कनीत फरशी पुसत होते, सगळं दिसत होतं. मुलाच्या आईने पहिला घास घेतला आणि काटा ताटात ठेवला. मुलाचा बाप पाणी प्यायला. कोणी काय बोललं नाय, चांगली माणसं होती. मग मॅडमनी स्वतः खाल्लं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता किंचाळतील. नाय किंचाळल्या. गोड आवाजात हाक मारली, प्रमिलाबाई, जरा बाहेर या.

सगळ्यांच्या समोर तिच्या हातात बाऊल दिला. ‘वास घेऊन बघा बरं.’

प्रमिलाबाईने बाऊल नाकाजवळ नेला. श्वास घेतला. तिला बिचारीला काय कळणार, मीठ चुकलं की लिंबू? ती बोलली, ‘लिंबू थोडं पुढे आलंय का?’

मॅडम बघत राहिल्या. ‘तुम्हाला वासच येत नाहीये का?’

ती उभी होती. पदर खोचलेला, बांगड्या वर. बाऊल तिने टेबलावर ठेवला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाय.

डबा मॅडमनी दिला होता. वर्षाचा जुना डबा. ते ती बोलली नाय, मॅडमना आठवलं नाय, आणि मी फरशी पुसत होते.

पाहुणे गेल्यावर मॅडमनी तिला समोर बसवलं. खुर्ची दिली बसायला, बारा वर्षांत पहिल्यांदा. आता आराम करा बोलल्या, तुमचं पण वय झालं. गॅस आहे घरात, तुम्हाला वास येत नाही, उद्या काही झालं तर? बरोबरच होतं बोलणं, आणि त्याचाच मला जास्त राग आला. मग मला बोलावून विचारलं, ‘पारू, तुला माहीत होतं का गं हे?’

प्रमिलाबाई समोरच. तिने माझ्याकडे बघितलं नाय. पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

‘नाय,’ मी बोलले.

तिने तोंड उघडलं असतं तर माझंपण काम गेलं असतं. तिने नाय उघडलं. मला वाचवायला नाय उघडलं, की माझ्या जिभेला तिचं अन्न सव्वा वर्ष लागत होतं हे चार माणसांत सांगायची लाज वाटली म्हणून? मी कितीदा विचार केला. ज्या दिवशी एक वाटतं त्या दिवशी मला माझी चीड येते, दुसरं वाटतं त्या दिवशी तिची. एक दिवस सुटका नाय.

रात्रीपर्यंत ग्रुपवर आलं. दुसरी दोन घरंही गेली.

मी तिच्या चाळीत गेले नाय. जाऊन काय सांगणार होते?

पुढे चैत्रात नात आजारी होती, माझ्याच्याने स्वयंपाक झाला नाय, म्हणून मी भांडुप स्टेशनजवळ पोळीभाजी केंद्रावर गेले. दुपारची गर्दी. आत पाच बाया ओळीने उभ्या, पोळ्या लाटतायत, भाजतायत. शेवटची ती होती. नाकावर ओढणीचा तुकडा बांधलेला, घट्ट. मला वाटलं खोकला असेल.

मी पुढे गेले. तिने डोळे वर केले. ओळखलं.

मी विचारलं, वास यायला लागला का?

‘येतो,’ ती बोलली, फडक्याच्या आतून. ‘पण उलटा येतो. पोळी भाजली की मेलेल्या उंदराचा येतो. दिवसाला चारशे पोळ्या.’

तव्यावरची पोळी तिने उलटली. वास न घेता, बोटाच्या टोकाने दाबून. बरोबर भाजली होती.

मग विचारलं, तिथं आता कोण आहे. मी सांगितलं, एक नवीन मुलगी येते, पोळ्या करते. पाल्यावर परत बाजारची बाटली आणतात. मुलीचं लग्न झालं, तिच्या सासरीपण तीच बाटली लागते.

‘आणि खातात?’

‘खातात. आवडीने खातात.’

तिने पोळपाटावर पीठ टाकलं, गोळा दाबला, लाटणं फिरवलं. पोळी झाली. दुसरा गोळा घेतला आणि मान वर न करता बोलली, ‘तुला त्या दिवशी वास आला होता. खरं ना?’

मागून लोक पुढे सरकत होते. कोणी तरी बोललं, अहो आजी, आटपा. मी बोलले, ‘आला होता.’

तिने मान हलवली. मी ‘मीठ कमी’ बोलायचे तेव्हा हलवायची तशीच, एकदाच. मग विचारलं, ‘किती देऊ?’

‘सहा,’ मी बोलले.

तिने सहा मोजल्या, कागदात गुंडाळल्या, कट्ट्यावर सरकवल्या, आणि माझ्या मागच्या माणसाला बोलली, ‘हं, तुमच्या किती?’